आखाजीला भरलेली कोठी

त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते चुना लावायचं. धान्याच्या कोठीला बुडाशी, कमरेएवढ्या उंचीवर, पोचा गेला होता. त्या पोच्याच्या भोवती पत्र्याला चुना लावायचा होता. माझी बायको कौतिक कुंचा मारत होती आणि मी बादली धरून उभा होतो. वैशाखाचं ऊन. कुंचा फिरला की मागं मागं चुना वाळून पांढरा होत जायचा.

"बादली सरळ धरा ना," ती म्हणाली. "पत्रा वाकाडी वाकाडी तुमना हातबी वाकडा व्हई ग्यात."

"घरले ते असा नही लावत तू कधी."

"घरले कोण पाहाले येस? आठे सर पाहतस."

आम्ही घरात अहिराणी बोलायचो. मी हे छापायसाठी लिहितो आहे म्हणून पुस्तकी लिहितो. तिचं बोलणं मात्र तसंच ठेवतो, दुसऱ्या भाषेत तिचा आवाज मला ऐकू येत नाही.

तिनं कुंचा बादलीत टाकला, हात पदराला पुसले. "व्हयनं," म्हणाली. "आते पानी लई या. तवलग मी भाकर सोडस."

मी घागर उचलली आणि आवाराच्या दुसऱ्या टोकाला नळ होता तिकडे निघालो. मागं वळून पाहिलं नाही. पाणी आणायला जाताना कोण वळून पाहतं?

या अंकाच्या संपादकांनी मला भंगाळे सरांवर लिहायला सांगितलं. सर या वर्षी गेले. शोकसभेत बोलणाऱ्यांनी ते किती थोर होते ते सांगितलं, त्यांचे लेख विलायतेत छापून आले ते सांगितलं. संपादक म्हणाले, तुम्ही त्यांच्याबरोबर एवढी वर्षं काम केलंत, गमतीजमती लिहा. माझं शिक्षण चौथीपर्यंत. गमती आहेत, त्या लिहितो. पण त्या लिहून थांबलो तर ते खोटं होईल.

मी पत्र्याचा मिस्त्री. बापाचा धंदा डबे, चाळण्या, नरसाळी, चिमण्या करायचा. जळगावच्या तंत्रशाळेत वर्कशॉपला माणूस पाहिजे होता, तिथं लागलो. साठ सालानंतरची गोष्ट. थोड्याच दिवसांत भंगाळे सर आले. रावेरकडच्या केळीवाल्या शेतकऱ्याचा मुलगा, विलायतेत शिकून आलेला. त्यांना मोठ्या शहरांत जागा मिळत होत्या. आई गाव सोडायला तयार नव्हती म्हणून ते इथं आले आणि इथंच राहिले. मला वाटतं त्यांचं पहिलं नुकसान तिथंच झालं. पण तो त्यांचा प्रश्न.

सरांचा विषय पातळ पत्रा. देशात लोखंड कमी, ते महाग, परवान्याशिवाय मिळत नाही. मग जाड लोखंडाचं काम पातळ पत्र्यात कसं भागवायचं, हे ते आयुष्यभर शोधत होते. गावातले लोक त्यांना 'पत्रे सर' म्हणायचे. तोंडावर नाही.

ज्याला यातलं काही कळत नाही त्याला मी असं सांगतो. एक पोस्टकार्ड घ्या, त्याची सुरळी करा, दोरा बांधा, उभी करा. तिच्यावर जाड पुस्तक ठेवा. राहतं. आणखी एक ठेवा. तेही राहतं. तुम्हाला नवल वाटेल. आता सुरळीला मधोमध नखानं जरासं दाबा. सगळं खाली. सरांचं सगळं शास्त्र एवढ्यात आलं, असं ते स्वतःच म्हणायचे. पातळ पत्रा गोल आणि निर्मळ असेल तर हत्ती पेलतो. पोचा गेला तर माणूस पेलत नाही. आणि नेमका किती पोचा गेला म्हणजे किती वजन पेलत नाही, हे जगात कोणालाच धड सांगता येत नव्हतं. गणित एक सांगायचं आणि डबा भलतीकडेच बसायचा.

म्हणून मी डबे करायचो आणि सर ते मोडायचे. असा माझा धंदा. दोन-दोन आठवडे घालून मी पत्र्याचं नळकांडं करायचो, सांधा घासून पुसून एकसारखा, आत दिवा लावला तर बाहेर कुठं किरण दिसू नये. सर त्याच्याभोवती फिरून बोटानं चाचपायचे, "वा मिस्त्री" म्हणायचे आणि प्रेसखाली घालायचे. प्रेस म्हणजे बंद पडलेल्या एका जिनातला, कापसाच्या गाठी दाबायचा जुना प्रेस. सरांनी तो भंगारातून उचलून आणला होता आणि त्याला काटे बसवले होते. दाब वाढत जायचा, काटा चढायचा, डबा मात्र ढिम्म उभा. आणि मग एकदम 'टप्प'. डब्याच्या अंगावर चौकटी-चौकटी उमटायच्या, जसं काही कोणी आतून शिलाई घातली. दोन आठवडे संपले.

पहिल्यांदा मला रडू आलं होतं, खरं सांगतो. सर म्हणाले, "अहो, मोडला म्हणूनच उपयोगाचा."

मी म्हणालो, "सर, आमच्या बापानं असं सांगितलं असतं तर आम्ही उपाशी मेलो असतो."

ते खूप हसले. तेव्हा हसायचे.

मोडलेले डबे मागायला सातपुड्याच्या पायथ्याचे लोक यायचे. मजुरीला जळगावात आलेले असायचे. ते डबे कापून कोंबड्यांची खुराडी करायचे. सर म्हणायचे, माझं संशोधन लोकांच्या थेट उपयोगाला येतं आहे, बघा.

अमळनेरच्या तेलवाल्या शेठची गोष्ट सांगतो. त्यांच्या तेलाची मोठी टाकी एका दुपारी आत खेचली गेली. बाहेरून कोणी धक्का दिला नाही, काही आपटलं नाही. टाकीनं आपण होऊन पोट आत घेतलं, एखाद्या उपाशी माणसासारखं. शेठनी ताबडतोब ओळखलं की ही करणी आहे, आणि करणारा शेजारचा गिरणीवाला आहे. भगत येऊन गेला, टाकीला लिंबू-मिरची बांधली गेली. मग त्यांच्या जावयानं आमच्या सरांना बोलावलं. आम्ही एसटीनं गेलो. सरांनी वर चढून पाहिलं. धूळ पडू नये म्हणून टाकीचं झाकण घट्ट बांधलेलं, आणि खालून पंपानं तेल काढलेलं. आत हवा जायला जागाच नाही. मग बाहेरच्या हवेनं टाकी चेपली.

"झाकण उघडं ठेवत जा," सर म्हणाले.

"बस?"

"बस."

"एवढंच सांगायला जळगावहून आलात?" शेठ दुखावले होते. भगत निदान रात्रभर घुमला होता.

परतताना सर एसटीत हसत होते. मी म्हटलं, झाकण उघडं ठेवतील का? ते म्हणाले, ठेवतील, आणि लिंबूही ठेवतील. पुढं गेलो तेव्हा तसंच दिसलं. झाकणही उघडं, लिंबूही ताजं.

आता कौतिकचं.

आम्हाला मूल झालं नाही. ती घरात बसून काय करणार? दिवाळीच्या आधी लोकांची घरं चुन्यानं रंगवायला जायची. तिचा हात हलका होता, भिंतीवर कुंच्याची रेघ दिसायची नाही. एकदा सरांनी मला विचारलं, "मिस्त्री, चुना पातळ आणि एकसारखा लावणारं कोणी आहे का?" मी म्हणालो, घरात आहे.

तेव्हा सर जाड लोखंडाचे अँगल आणि चॅनेल मोडून पाहत होते. जाड लोखंड मोडायच्या आधी नमतं. डोळ्याला ते दिसत नाही. पण त्याला चुना लावलेला असला तर जिथं लोखंड नमतं तिथं चुना तडकतो आणि पापुद्रे सुटतात. तिरप्या रेघा पडतात. त्या रेघा पाहून सर सांगायचे की आता हा इथून जाणार. आणि तो तिथूनच जायचा.

कौतिक रोजंदारीवर यायला लागली. चुना जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळायची. घरच्या चुन्यात डिंक घालतात, इथं घालायचा नाही, नाहीतर तो सुटत नाही, हे तिला एकदाच सांगावं लागलं. लावून झालं की घरी जायची गरज नव्हती, पण ती जायची नाही. दाब वाढत असताना जवळ उकिडवी बसून चुन्याकडे पाहत राहायची. पहिला पापुद्रा पडला की ओरडायची, "सर, सुटना!" म्हणजे सुटला. सर प्रेस थांबवायचे. सरांच्या डोळ्यांआधी तिला दिसायचं, कारण सर काट्याकडे पाहत आणि ती चुन्याकडे.

एकदा तिनं मला विचारलं, "लोखंडबी मानूसनासारखं सांगीसन मरस का?" मी म्हटलं, हो, सांगून मरतं.

तिच्या मनात ते तसंच राहिलं.

पुढं सर पातळ पत्र्याच्या डब्यांकडे वळले, तेव्हा त्यांना चुना लावायला ते सांगेनात. का, ते कोणी विचारलं नाही. मला वाटलं हलक्या वस्तूला कशाला एवढा खटाटोप. कौतिकला वाटलं तिचं काम आवडेनासं झालं. काही दिवस फुगून बसली होती.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. ज्यांनी तो पाहिला त्यांना सांगायची गरज नाही. तो सरला तेव्हा ज्याला त्याला धान्य साठवायचं होतं. पेवात धान्य कुजतं, पोत्यात उंदीर. धुळ्याच्या बाहेर एक सोसायटी होती. तिचे चेअरमन, त्यांना सगळे आबा म्हणायचे, ते सरांना शोधत आले. माणूस वाईट नव्हता. दुष्काळात स्वतःच्या घरातली दादर त्यांनी वाटली होती. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी.

"सर," आबा म्हणाले, "जाड लोखंडाची कोठी आमच्या आवाक्यातली नाही. तुमच्या पातळ पत्र्याची बांधून द्या."

सरांनी आधी नाही म्हटलं. मग घरी जाऊन हिशेब मांडत बसले. मग हो म्हटलं. इतकी वर्षं ते डबे मोडत होते. एकदा काहीतरी उभं राहावं असं त्यांनाही वाटलं असेल.

आम्ही दोन कोठ्या बांधल्या. मी आणि माझ्या हाताखालचे लोक धुळ्याला आवारातच शेड टाकून राहिलो, कौतिक स्वयंपाकाला. तीन पुरुष उंच, गोल, खाली धान्य सोडायला चाकाचं दार. सर दर रविवारी यायचे आणि तळहात पत्र्यावर ठेवून चहूकडून फिरायचे, जसे घोड्याच्या अंगावरून हात फिरवतात. कुठं पोचा दिसला तर तेवढा पत्रा काढायला लावायचे. मजूर शिडी टेकवायला लागले तर ओरडायचे. आबा गमतीनं म्हणाले, "सर, तुमची मुलगी आहे का ती, कोणी हात लावायचा नाही?"

सर म्हणाले, "मुलीला धक्का लागला तर ती रडेल. ही रडणार नाही."

मुहूर्त आखाजीचा धरला. बाहेरच्यांना अक्षय तृतीया म्हटलं की सोनं आठवतं. खान्देशात आखाजी म्हणजे सासुरवाशिणींची. मुली माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, खापरावरची पुरणपोळी आणि आंब्याचा रस. कौतिकचा भाऊ सकाळीच तिला न्यायला आला होता. अमळनेरजवळच तिचं माहेर. ती म्हणाली, "सकाय येस मी. आज सरना कार्यक्रम शे." उद्यावर ढकललं म्हणून भाऊ चिडून गेला.

आखाजीचं आणखी एक आहे. या दिवशी जे भरलं ते सरत नाही, असं मानतात. म्हणून आबांनी दोन्ही कोठ्या त्याच दिवशी भरायच्या ठरवल्या. पहाटेपासून बैलगाड्या लागल्या होत्या. पाहुणे यायच्या आधीच दोन्ही जवळजवळ भरल्या होत्या.

पाहुणे म्हणजे बाहेरगावचे पुढारी. हार झाले, भाषण झालं. नारळ फोडायची वेळ आली. नारळ कशावर फोडायचा? दगड कोणीतरी आधी आणून ठेवला होता, तो बैलगाडीच्या चाकाला लावायला कोणीतरी उचलून नेला. पाहुणे हातात नारळ घेऊन उभे. मागून कोणीतरी म्हणालं, "कोठीवरच फोडा ना, साहेब. नव्या ट्रॅक्टरवर फोडतोच की आपण."

सर दूर होते, दुसऱ्या कोठीजवळ. ते धावले. पोचेपर्यंत एक फटका बसला होता. नारळ फुटला नाही. पाहुणे ओशाळले, आणि अपशकुन नको म्हणून दुसरा फटका सगळा जोर लावून मारला. तोही वाया. तिसऱ्याला फुटला. टाळ्या झाल्या. पाणी पत्र्यावरून ओघळत होतं आणि त्याच्या खाली, पळीएवढा, पोचा.

सर खाली बसले. त्यांनी त्या पोच्यात बोट घातलं. मी शेजारी होतो.

पाहुणे गेल्यावर सर आबांना म्हणाले, "ही रिकामी करा. आत्ता. माणसं लांब ठेवा आणि खालचं दार हळूहळू सोडा."

आबांना वाटलं ते थट्टा करतात. "सर, आज आखाजी. आज भरलेलं आजच काढू?"

"आबा, पोचा गेला आहे."

"पळीएवढा तर आहे."

"तेवढा पुरतो."

"अहो, गावातल्या बाया ओवाळून गेल्या त्या कोठीला. शंभर घरांचं धान्य आहे. आज दार उघडलं तर उद्या एक माणूस सोसायटीत दाणा टाकणार नाही. म्हणतील, आबानं आखाजीला कोठी उपसली." मग त्यांनी सरांचे हात धरले. "उद्या. सूर्य उगवला की उद्या रिकामी करू. एवढा दिवस जाऊ द्या. लोखंड आहे ते, सर, पापड नाही."

सर भांडले असते तर? नाही भांडले. विलायतेत शिकलेला माणूस, पण मूळ गावातला होता, आखाजी त्यांच्याही घरात होती. ते म्हणाले, "ठीक. उद्या. पण कोणी जवळ जायचं नाही." आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मिस्त्री, बाईंना म्हणावं, पोच्याभोवती चुना लावून घ्या. मग तुम्हीही लांब या."

म्हणून आम्ही चुना लावला. ते सुरुवातीला लिहिलं आहे.

कौतिक खूश होती. पुष्कळ दिवसांनी सरांनी तिचा चुना मागितला होता.

मी नळावर घागर लावली. त्या आवारात झाड नव्हतं. उन्हाला सावली एकच, कोठ्यांची. कौतिकनं भाकरीचं फडकं घेतलं आणि त्या सावलीत जाऊन बसली, पोच्याच्या समोर, चुन्याकडे तोंड करून. प्रेसजवळ बसायची तशी. सर ऑफिसच्या ओट्यावर होते. त्यांनी पाहिलं आणि ओरडले. मला नळावर ऐकू आलं.

"बाई, तिथून उठा! उठा तिथून!"

तिनं हात केला. आवाज तिचा खणखणीत. "चुना ते सुटना नही सर! मी देखी ऱ्हायनी ना!"

सर ओट्यावरून खाली उतरले आणि पळायला लागले.

आवाज मोठा झाला नाही. लोक नंतर सांगायचे, तोफेसारखा झाला. खोटं आहे. जळगावच्या शेडमध्ये डबा बसायचा तसाच झाला, 'टप्प', जरा मोठा. पोच्याच्या जागी पत्रा आत गेला, मग त्याच्या शेजारचा, मग शेजारचा, आणि सगळी कोठी गुडघे टेकल्यासारखी खाली आली आणि उसवली. मग मात्र आवाज झाला. तो धान्याचा. दादरीचा लोंढा आला तसा आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही, आणि ऐकू नये.

आम्ही हातांनी उकरलं. घमेल्यांनी, टोपल्यांनी, आणि फावडी नको म्हणून ओरडत पुन्हा हातांनी. सरही. आबाही. दादर एका हातानं काढावी तर दुसरीकडून तेवढीच घसरून येते. ती सापडली तेव्हा तिच्या अंगावर ओरखडा नव्हता. पत्रा तिला लागलाच नव्हता.

चौकशी झाली. सरांनी सांगितलं, कोठी मी बांधली, दोष माझा. नारळाचं नाव काढलं नाही. आबांचंही नाही. लोकांनी म्हटलं, केवढं मोठं मन. मला तसं वाटलं नाही. मला वाटलं, खरं सांगितलं असतं तर पुढचा कोणी चेअरमन आखाजीलासुद्धा कोठी उपसायला तयार झाला असता.

तिचे दिवस झाल्यावर सर माझ्या घरी आले. दारात उभे राहिले, आत येईनात. मी विचारलं, "सर, चुना का सुटला नाही?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. जाड लोखंड आधी नमतं, मग मोडतं, म्हणून चुना सुटतो. पातळ पत्रा नमत नाही. तो शेवटपर्यंत जसाच्या तसा असतो आणि एका क्षणात जातो. चुन्याला कळायला वेळच मिळत नाही. म्हणून पातळ डब्यांना ते चुना लावत नसत.

"मग तिला लावायला का सांगितलंत?"

ते म्हणाले, "पोच्याच्या कडेला घडी पडली होती. तिथं कदाचित आधी नमेल असं वाटलं." मग म्हणाले, "नाही. तेही खरं नाही. मला नुसतं बसवेना, मिस्त्री. काहीतरी केल्यासारखं पाहिजे होतं." आणि म्हणाले, "मला शिव्या द्या."

मी दिल्या. मला येत होत्या तेवढ्या सगळ्या दिल्या. शेजारची माणसं बाहेर आली. सर मान खाली घालून ऐकत राहिले. संपल्यावर गेले. कमी पडल्या असं मला अजून वाटतं, आणि दिल्या नसत्या तर बरं झालं असतं असंही वाटतं. दोन्ही एकाच वेळी कसं वाटतं ते मला सांगता येत नाही.

त्यानंतर सरांनी एकही डबा मोडला नाही. प्रेस गंजून गेला. निवृत्त होईपर्यंत ते मुलांना ड्रॉईंग शिकवत राहिले. विलायतेची मासिकं येत, ती न फोडता कपाटात जात. ज्या प्रश्नाच्या मागं ते लागले होते, किती पोचा आणि किती वजन, तो त्यांनी अर्ध्यात टाकून दिला. दुसऱ्या कोणी तो सोडवला असेल तर मला ठाऊक नाही. मी त्याच वर्कशॉपमध्ये मुलांना पत्रा कापायला शिकवत होतो. रोज भेट व्हायची. "काय मिस्त्री?" "ठीक, सर." त्यापलीकडे नाही. शोकसभेत लोक म्हणाले, सर मितभाषी होते. मितभाषी नव्हते. एसटीत पोट धरून हसणारा माणूस होता तो.

मी पुन्हा लग्न केलं नाही. तिचा भाऊ दर आखाजीला पुरणपोळी पाठवायचा. आता तोही नाही. तिच्याशिवाय जगायची सवय होते असं लोक सांगतात. मी आता ऐंशीच्या पुढं आहे. झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काय केलं तेवढं सांगून थांबतो.

तिला सिव्हिलला नेलं होतं. डॉक्टर उशिरा येणार, मग चिरफाड, मग ताब्यात देणार, असं कळलं. तिचा भाऊ बाकावर बसून होता, माझ्याकडे पाहत नव्हता. मी तिथून उठलो आणि पायी सोसायटीच्या आवारात गेलो.

सांडलेली दादर पोत्यांत भरायला बायका लावल्या होत्या. कालच्या कोठीचा पत्रा एका बाजूला ओढून ठेवला होता. दुसरी कोठी उभीच होती, भरलेली. ऊन चढलं होतं म्हणून बायका पोरांना घेऊन तिच्या सावलीत टेकल्या होत्या. एकीनं तान्हं पोर पदराखाली घेतलं होतं.

"उठा," मी म्हणालो.

एक म्हातारी म्हणाली, "काबर रे भाऊ? तूबी बस ना सावलीम्हा."

"उठा बठ्ठ्या. पोरं उचला. तथा जा, भितडानाकडे."

कोणीतरी तिच्या कानात सांगितलं मी कोण ते. ती उठली. मग सगळ्या उठल्या. शेवटची बाई भिंतीपाशी पोचेपर्यंत मी थांबलो. मग खाली वाकून दाराच्या चाकाला हात घातला.

सोसायटीचे दिवाणजी ऑफिसातून धावत आले. "ए, काय करतोस? या कोठीला काही झालेलं नाही! आबांना विचारलं का?"

"आखाजी झाली काल," मी म्हणालो.

ते जागच्या जागी उभे राहिले. मी चाक थोडं फिरवलं. दादर धारेनं खाली पडू लागली, आधी पायांवर, मग ढीग झाला, तसा मी मागं सरलो. सरांनी सांगितलं होतं तसं, हळूहळू. मध्ये आबा आले, दुरून पाहिलं आणि परत गेले. बायकांना मी भिंतीपासून हलू दिलं नाही. आतला आवाज पोकळ झाला आणि शेवटचे दाणे पडायचे थांबले, तेव्हा मी सिव्हिलला परत गेलो, तिला घ्यायला.